भायांचं नाव वर, माझं खाली

अकरा वर्षं मी भायांशी एक शब्द बोलले नव्हते. भांडण नव्हतं. भाया म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि धाकट्याच्या बायकोनं त्यांच्यासमोर पदर सावरायचा, बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. त्यांना माझ्याकडून काही हवं असलं की ते सासूबाईंना सांगत. "तिला म्हनावं, पानी दे." मी चार हातांवर उभी असायचे, सगळं ऐकलेलं असायचं, तरी सासूबाई म्हणेपर्यंत थांबायचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला याचं हसू यायचं. पुढं सवय झाली आणि हसू गेलं.

कोरोनाची लस आली तेव्हा आमच्या पेडगावात तिला कुणी लस म्हणत नव्हतं. सगळे सुई म्हणायचे. शाळेत शिबिर लागलं, आशाताई वही घेऊन दारोदार फिरल्या, आणि गावाचे सरळ दोन भाग झाले. एक सुई घेतलेले, दुसरे न घेतलेले. दुसऱ्या भागाचे पुढारी आमचे भाया.

पारावर त्यांचं आणि शाळेतल्या गुरुजींचं चांगलंच जुंपायचं. गुरुजी म्हणायचे, "तुमच्यापायी दुसऱ्याला होतंय, त्याचं काय?" भाया म्हणायचे, "बैलाच्या कानात बिल्ला मारतेत का न्हाई, तसा ह्यो कागद हाय. आज मानसाला मारायलेत. उद्या बिगर कागदाचं हिरीवर पानी बी भरू देनार न्हाईत." मग थोडं थांबून, हात छातीवर ठेवून ते म्हणायचे, "माझ्या अंगात काय घालायचं, ते म्या ठरविनार."

पाराजवळच्या नळावर मी पाणी भरत असायचे. खरं सांगते, मला ते पटायचं. त्यात कागद नसेल तर रेशन मिळणार नाही, एसटीत बसू देणार नाहीत, असं रोज कुणीतरी नवीन सांगायचं. मायेनं सांगितलं असतं तर माणसं गेलीही असती, पण नाक दाबून तोंड उघडायला लावलं की कुणालाही रागच येतो. मलाही आला होता.

फक्त घरी आल्यावर भायांनी सासूबाईंना सांगितलं, "आपल्या घरातलं कुनी बी सुई घेनार न्हाई. सगळ्यास्नी सांगून ठेव." म्हणजे त्यांच्या अंगाचा निर्णय त्यांचा, आणि माझ्या अंगाचाही त्यांचाच. हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही, कारण तोवर मला कुठं जायचंच नव्हतं.

सोयाबीनच्या काढणीत माहेरून, राणीसावरगावहून, भावाचा फोन आला. आई न्हाणीत घसरून पडली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात तिला ठेवलं, ऑपरेशन झालं. जवळ बाईमाणूस हवं होतं. वहिनीच्या कडेवर तीन महिन्यांचं लेकरू. उरले मी.

नवऱ्यानं मला मोटारसायकलवर नेऊन सोडलं. गेटवरच्या वॉचमननं कागद मागितला. निदान एक सुई घेतल्याचा कागद, नाहीतर आत नाही, असा त्या दवाखान्याचा नियम. मी त्याला सांगून पाहिलं की माझी आई आहे, तिला उठता येत नाही. तो उद्धटपणे बोलला असता तर बरं झालं असतं. तो चांगला बोलला. म्हणाला, "ताई, माझी नोकरी जाईल."

सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी सुई मिळत होती. मी नवऱ्याला म्हणाले, "चला, घेऊन टाकू." तो गाडीच्या आरशाकडं बघत म्हणाला, "दादाला काय सांगू?" माझा नवरा वाईट नाही. तो फक्त दादाच्या शब्दाबाहेर नाही. आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. तो बोलताना अडखळत होता. आईला बेडपॅन त्यालाच द्यावं लागत होतं, आणि आईनं त्यावर स्वतःच उपाय काढला होता. "माय पानी पेयना गेली," तो म्हणाला. "कालपासून घोटभर प्याली असंल. लेकाला उचलावं लागू न्हाई म्हनून. डॉक्टर माझ्यावर ओरडायलेत." मी फोन ठेवला आणि चुलीपुढं बसून राहिले. सासूबाईंना सांगितलं, त्यांनी भायांना सांगितलं. भाया म्हणाले, "दवाखान्यात नर्सा असतेत." मला इतका राग आला की हातातली भाकरी काठवटीतच मोडली.

आता मोबाईलचं सांगायला हवं. मुलीची शाळा मोबाईलवर सुरू झाली तेव्हा आम्ही साधासा स्मार्टफोन घेतला होता. त्यातलं सिमकार्ड मूळचं भायांचं. आठ-नऊ वर्षं तो नंबर त्यांचा होता. पुढं त्यांनी दुसरं सिम घेतलं आणि जुनं आमच्याकडं आलं. पण त्यांना पाठ होता तो जुनाच नंबर. गॅसवाला असो नाहीतर बियाण्याचा दुकानदार, कुणी नंबर विचारला की त्यांच्या तोंडून तोच निघायचा, आणि त्यांचे मेसेज माझ्या मोबाईलवर यायचे.

त्या आठवड्यात भाया ताडकळसला लेकीकडं गेले होते. लेकीचं दुसरं बाळंतपण होतं, थोरल्या जाऊबाई तिकडंच मुक्कामाला होत्या. दुपारी मी शेंगा फोडत बसले असताना मोबाईल वाजला. मेसेजात भायांचं पूर्ण नाव होतं. अभिनंदन, आपला पहिला डोस यशस्वीपणे पूर्ण झाला आहे.

मी तो चारदा वाचला. आधी वाटलं, कुणीतरी चुकून नाव घातलं असेल. संध्याकाळी ते परतले तेव्हा डावा हात अंगाशी धरून होते, आणि सासूबाईंना म्हणाले, "अंग जरा मोडून आलंय, प्रवासानं." तेव्हा खात्री पटली. त्यांनी का घेतली, ते मला आजही माहीत नाही. उन्हाळ्यात त्यांचा पारावरचा जोडीदार कोरोनानं गेला होता, त्याचं भय मनात बसलं असेल. भ्यायले असतील तर त्यात मला काही वावगं वाटत नाही. पण दुसऱ्याच दिवशी ते पारावर गेले आणि बिल्ल्याचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी नळावर होते. यावेळी मला ते पटलं नाही.

दोन दिवस मी तो मेसेज घेऊन घरात फिरले. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं मलाच गप्प केलं असतं. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांना घेरी आली असती. शेजारणीला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं आणि भायांना तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि ज्याच्याशी बोलायचं, त्याच्याशी तर बोलायचंच नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना मी त्यांचं ताट वाढलं, तांब्या ठेवला, आणि तांब्याशेजारी मोबाईल ठेवला. मेसेज उघडा होता. मी दाराआड जाऊन उभी राहिले. त्यांनी मोबाईलकडं पाहिलं, मग भाकरीकडं. दोन्ही भाकरी सावकाश खाल्ल्या, हात धुतला, मोबाईल पालथा घातला आणि मोठ्यानं म्हणाले, "आई, तिला म्हनावं, बाजाराच्या दिवशी ताडकळसला जाय. लेकीला डिंकाचे लाडू पोचवायचेत. तिथून मायकडं जायाचं तर जाय."

सासूबाई माझ्याकडं वळून ते सगळं पुन्हा म्हणाल्या. मी मान हलवली.

"आन म्हनावं," ते उठता उठता म्हणाले, "घरातलं घरात ऱ्हावं."

ताडकळसला बाजाराच्या दिवशी मी लाडू पोचवले आणि सुई घेतली. नंबर सांगितला. नोंद करणाऱ्या बाईंनी मोबाईल हातात घेऊन मला यादी दाखवली. एकाच नंबरवर दोन नावं होती, भायांचं वर आणि माझं खाली. घरात आम्ही कधी एका बाजेवर बसलो नाही, आणि तिथं अगदी चिकटून बसलो होतो. मी कागद छापून घेतला.

वॉचमननं तो नुसता पाहिला आणि बाजूला झाला. मला पाहून आई पहिल्यांदा काय म्हणाली असेल तर, "पानी दे." एका दमात तिनं दोन पेले रिचवले. नऊ दिवस मी तिच्याजवळ राहिले. आज ती काठी टेकत राणीसावरगावात गल्लीभर फिरते आणि वहिनीच्या स्वयंपाकाला नावं ठेवते.

गावी परतले तेव्हा शेजारीण धावत आली. माझ्याच वयाची, गावातली माझी एकुलती एक मैत्रीण. तिच्या घरीही कुणी सुई घेतली नव्हती, कारण आमच्या घरी कुणी घेतली नव्हती. तिनं विचारलं, "तुला कसं सोडलं गं आत?"

भाया ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा आवाज थांबला.

"हातापाया पडले," मी म्हणाले. "सोडलं."

पुन्हा कातरण्याचा आवाज सुरू झाला. एवढंसं खोटं, आणि तेही आईसाठी, असं मी मनाला समजावलं. उलट मला जरा हुशारीच केल्यासारखं वाटलं. पारावर भायांनी तर ते माझ्या नावानं सांगितलं म्हणे. "आमच्या घरची बाई बिगर कागदाची दवाखान्यात ऱ्हाऊन आली. नियम-बियम काय नसतंय, भेव दाखवायलेत."

संक्रांत झाली आणि शेजारणीच्या वडिलांना धाप लागली. भावांनी त्यांना परभणीला नेलं, त्याच दवाखान्यात. सकाळी ती पिशवी घेऊन आमच्या अंगणात आली. तिचा नवरा बाहेर गाडी सुरू करत होता.

"त्या वॉचमनला तू काय म्हनलीस, ते सांग बरं," ती म्हणाली. "मला तुझ्यावानी बोलता येत न्हाई."

भाया ओट्यावरच होते. तेव्हा मी म्हणू शकत होते की आधी सरकारी दवाखान्यात जा, सुई घे, कागद काढ, मग गेटवर जा. सगळं मिळून अर्ध्या दिवसाचं काम. भायांनी मान वर केली नाही. अडकित्ता मात्र तसाच उघडा धरलेला. अकरा वर्षांत त्यांना माझ्याशी बोलायची गरज पडली नव्हती आणि तेव्हाही पडली नाही.

"आधार कार्ड जवळ ठेव," मी म्हणाले. "आन काकुळतीनं बोल."

ती गेली.

तीन दिवस ती त्या गेटबाहेर लिंबाखाली बसून होती. भाऊ आतून येऊन सांगायचे, आबा तुझं नाव घ्यायलेत. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. तिनं तोंड पाहिलं ते गाडीत ठेवताना.

दहाव्याचं आटोपून ती परतली, आणि माझ्याकडंच आली. तिला दुसरं कुणी नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली आणि फार रडली नाही.

"लय पाया पडले गं," ती म्हणाली. "म्या त्याला तुझं सांगितलं. म्हनलं, आमच्या गल्लीतल्या बाईला सोडलं व्हतं तुमी. त्यो म्हनला, बिगर कागदाचं आमी कुनालाच सोडलं न्हाई, बाई, ती खोटं बोलली असंल."



"तवा मला लय राग आला त्याचा," ती म्हणाली. "म्या म्हनलं, माझ्या मैतरनीला खोटं बोलता येत न्हाई."

मोबाईल माझ्या मांडीजवळच पडला होता. तिला पाणी द्यायला मी उठले.