राहण्याचे दिवस : दोन

शर्टांच्या फॅक्टरीत शेवटच्या टेबलाशी जी बाई उभी असायची, तिला सगळे चेकरबाई म्हणत. शिवून आलेला प्रत्येक शर्ट तिच्या हाताखालून जायचा आणि मगच खोक्यात पडायचा. कॉलरची दोन्ही टोकं ती एकमेकांवर टेकवून बघायची, काजांतून नख फिरवायची, बटणं ओढून बघायची. "हे शंभर मी स्वतः बघितलेत," असं सुपरवायझर म्हणाला, की ती नेमके तेच शंभर आधी पुढे ओढायची. तिच्या लग्नाच्या फोटोत नवरा छान हसतोय आणि ती फोटोवाल्याकडे डोळे बारीक करून बघतेय. कॅमेऱ्याचं झाकण काढलंय की नाही, याची तिला शंका होती.

स्वभाव मूळचाच, पण त्याला धार चढली ती धाकट्या मुलीमुळे. धाकटी आठ महिन्यांची झाली तरी मान धरेना. चेकरबाईने तिला एकामागून एक तीन डॉक्टरांना दाखवलं. "काही मुलांना वेळ लागतो हो," असं तिघांनीही सांगितलं. एकाने तर जाता जाता तिला स्वतःसाठीच झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. चौथ्याने मात्र तपासलं आणि मान खाली घातली. मेंदूला जन्मतःच इजा झालेली होती. ही चालणार नाही, बोलणार नाही, गिळायलाही तिला जड जाईल. त्या दिवसापासून चेकरबाईने दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं सोडून दिलं.

आता धाकटी नऊ वर्षांची होती. तिला भरवणं म्हणजे तपश्चर्या. पाठ ताठ, हनुवटी जरा छातीकडे, चमचा लहान, आणि आधीचा घास उतरल्याशिवाय पुढचा नाही. मान मागे गेली की घास भलत्या वाटेने जातो आणि छाती भरते. त्यापायी दोनदा दवाखान्यात राहून झालं होतं. चेकरबाई सकाळच्या पाळीला जायची तेव्हा नवरा घरी असायचा. तो पार्सलची व्हॅन चालवायचा, त्याचं काम दुपारी सुरू व्हायचं. तो सख्खा बाप, तरी कपाटाच्या दारावर त्याच्यासाठी बावीस सूचनांचा कागद चिकटवलेला होता. नात्यातल्या कुणी "दोन तास आम्ही बघतो हिला" म्हटलं, की चेकरबाई हसून म्हणायची, "बघाल हो. नुसतं बघालच." हळूहळू विचारणारेही कमी झाले.

मग घरात काहीतरी शिजायला लागलं.

आधी कुजबुज. नवरा आणि तेरा वर्षांची थोरली स्वयंपाकघरात बोलत असायची आणि ही आत आली की नळ सुरू व्हायचा. मग थोरली दर गुरुवारी तासभर उशिरा यायला लागली. "जादा तास असतो," म्हणाली. चेकरबाईने शाळेत फोन लावला. जादा तास नव्हताच. ती थोरलीला काही बोलली नाही. पुरावा पुरता हातात आल्याशिवाय ती शर्टसुद्धा परत पाठवत नसे.

नवऱ्याचं तर वेगळंच. शनिवार त्याच्या सुट्टीचा. पण महिनाभर तो दर शनिवारी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून "येतो जरा" म्हणून बाहेर पडत होता.

"कुठे?"

"इथेच. टायर दाखवायचाय."

दाढी करून टायर दाखवायला जाणारा माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. पहिली शंका कुठलीही बायको घेईल तीच. त्या शर्टाची कॉलर तिने उजेडात धरून हुंगली. साबणाशिवाय कशाचाच वास नव्हता. तिला जरा वाईटच वाटलं. दुसरी बाई असती तर निदान प्रकरण समजलं तरी असतं.

रविवारी धुण्यात टाकताना त्याच्या पँटच्या खिशात चार घड्यांचा कागद सापडला. छापील फॉर्म होता, अक्षर नवऱ्याचं. धाकटीचं वजन, औषधं, झोपण्याची कूस. 'आवडी' या रकान्यात लिहिलं होतं : नळाचं पाणी, ताईचा आवाज. आणि सगळ्यात खाली : 'राहण्याचे दिवस : दोन.' त्यापुढे आईवडिलांच्या सह्यांची जागा रिकामी होती.

चेकरबाई ओल्या लादीवर तशीच बसली. म्हणजे हे होतं तर. बाप आणि बहीण मिळून पोरीला कुठेतरी ठेवायला निघाले होते. आज दोन दिवस, उद्या दहा, मग कायमचं. बोट दिलं की हात धरतात लोक, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तिने कागदाची पुन्हा तशीच घडी घातली, खिशात ठेवली आणि पँट न धुता खुंटीला लावली.

गुरुवारी तिने थोरलीचा पाठलाग केला. पण पाठलाग तरी कसला! घरी धाकटीला एकटं ठेवता येईना, म्हणून चाकाच्या खुर्चीसकट निघाली. डावं चाक कुईकुई वाजत होतं. थोरली पुढे, मागे अर्ध्या रस्त्याचं अंतर ठेवून ही वरात. थोरलीने एकदा वळून पाहिलं तेव्हा चेकरबाई खुर्चीसकट एका केशकर्तनालयात घुसली. "केस कापायचेत?" न्हाव्याने विचारलं. "नाही, बघतेय फक्त," असं म्हणून ती बाहेर पडली.

मुलांच्या दवाखान्यामागे एक बैठी इमारत होती, दारावर पाटी : 'दिव्यांग मुलं आणि त्यांच्या घरच्यांसाठी केंद्र'. थोरली तिथे आत गेली. चेकरबाई खिडकीखाली उभी राहिली. आत सात-आठ मुलं गोल करून बसली होती आणि मधे करड्या केसांची एक बाई. एक मुलगा सांगत होता, की भाऊ दवाखान्यात असला की त्याला शेजारच्यांकडे जेवावं लागतं आणि ते ताटात दयेने जास्तच वाढतात. सगळे हसले. मग थोरलीचा आवाज आला.

"मला कधीकधी वाटतं, मीपण जरा आजारी असते तर बरं. म्हणजे आईने माझ्याकडे पण नीट बघितलं असतं. ती माझ्याकडे बघते, पण तेव्हा ती कान धाकटीकडे लावून असते. आणि मग मला माझीच लाज वाटते."

चेकरबाईने खुर्ची खिडकीखालून मागे ओढायला घेतली. तेवढ्यात धाकटीला बहिणीचा आवाज ओळखू आला आणि तिने आनंदाने अशी किंकाळी फोडली, की आतली सगळी मुलं खिडकीकडे वळली. थोरली पांढरीफटक पडली. हेरगिरी तिथेच संपली.

करड्या केसांची बाई बाहेर आली. तिला तिथे सगळे ताई म्हणत.

"आत या ना," ती म्हणाली.

"माझ्या पोरीला ठेवून घेणार आहात तुम्ही?"

"दोन दिवस. तेही तुम्ही सही केलीत तर."

"कशासाठी?"

"तुमच्यासाठी."

"मला काय धाड भरलीय?"

ताई खुर्चीच्या चाकाकडे बघत म्हणाल्या, "शेवटचं कधी आजारी पडलात?"

"मला आजारी पडायला वेळ नाही."

"तेच म्हणतेय मी."

असली गोड उत्तरं चेकरबाईला ठाऊक होती. ज्याला माल खपवायचा असतो तो असाच बोलतो. तिने खुर्ची वळवली.

घरी तिने फॉर्म नवऱ्यासमोर ठेवला. "अहो, हे काय आहे?"

त्याने फॉर्मच्या घड्या हाताने सपाट केल्या. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू फाडला असतास."

"फाडलाच असता."

"अगं, दोन महिन्यांपूर्वी सिग्नलला उभा होतो. हिरवा लागला आणि मला गाडी हलवताच येईना. पाय उचलेना. मागून हॉर्न, शिव्या. एक माणूस काचेशी आला भांडायला, आणि माझ्याकडे बघून निघून गेला. मी रडत होतो, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. धाकटीला तपासायला दवाखान्यात नेलं तेव्हा ताईंनी विचारलं, तुम्ही कसे आहात? नऊ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. शनिवारी तिथे बाप मंडळी येतात. बसतो, बोलतो. त्यातल्या दोघांच्या घरून मुलं दोन दिवस राहायला जातात. मग थोरलीलाही भावंडांच्या गुरुवारच्या गटात नाव घालायला सांगितलं."

"आणि मला नाही."

"तुला सांगायची भीती वाटते," नवरा म्हणाला. हे त्याने रागाने म्हटलं असतं तर तिला उत्तर देता आलं असतं.

तिने सही केली नाही. "आधी मी बघेन," एवढंच बोलली. पुढच्या आठवड्यात तीन दिवस पाळी संपली की ती धाकटीसकट केंद्रात हजर. ताईंनी तिच्या हातात सगळ्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा दिला आणि आपल्या कामाला गेल्या. हेही तिला खटकलं. इतक्या सहज किल्ल्या कोण देतं? तिने गादी आणि कठडा यांमधल्या फटीत मूठ घालून पाहिली. गरम पाण्याच्या नळाखाली हात धरून आकडे मोजले. औषधांच्या कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं, खाटेखाली वाकली, चमचे वास घेऊन ठेवले. दोष सापडला नाही. त्यामुळे तिचा संशय दुणावलाच. जिथे काहीच सापडत नाही तिथे ते नीट झाकलेलं असतं, हा तिचा अठरा वर्षांचा अनुभव होता.

तरी थोरलीच्या तोंडाकडे बघून ती एका दिवसाला तयार झाली. शनिवार, सकाळी नऊ ते चार. धाकटीला सोडलं, निरोप घेतला आणि बरोबर जेवणाच्या वेळी, न सांगता, मागच्या दाराने आत शिरली.

जेवणाच्या खोलीत पाच मुलं आणि एक मदतनीस मावशी. धाकटीची खुर्ची मागे कललेली, मान मागे, मोठा चमचा तोंडाशी, आणि मावशीचं लक्ष पलीकडच्या रडणाऱ्या मुलाकडे. धाकटी खोकत होती.

चेकरबाई अशी ओरडली, की स्वयंपाकघरात भांडं पडलं. तिने खुर्ची सरळ केली, पोरीला पुढे वाकवून पाठ थोपटली. मावशी रडायला लागली. "दुसरी बाई आज आली नाही हो. पाच जणं आणि मी एकटी. घाई झाली."

ताई धावत आल्या. चेकरबाई वाट बघत होती, की आता ही सारवासारव करेल. ताई म्हणाल्या, "चूक आमचीच आहे. तुम्ही आला नसतात तर आम्हाला कळलंही नसतं." त्यांनी लगेच डॉक्टरला बोलावून धाकटीची छाती तपासून घेतली, आणि नवऱ्याला स्वतः फोन करून जसं घडलं तसं सांगितलं.

छाती साफ होती. चेकरबाई धाकटीला घेऊन घरी आली आणि दारातूनच म्हणाली, "बघा!"

नवरा धाकटीची खुर्ची आत घेऊन गेला. थोरलीने विचारलं, "म्हणजे आता मी गुरुवारी जायचं नाही का?" आणि उत्तराची वाट न बघता दप्तर आवरायला घेतलं. आपण जिंकलो आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं, हे चेकरबाईला कळेना.

सोमवारी फॅक्टरीत मोठी ऑर्डर होती. सात तास उभी राहून ती घरी आली, तर धाकटी चिडलेली आणि हिच्या स्वतःच्या पाठीला कळ लागलेली. ती भरवायला बसली. भरवता भरवता तिचं लक्ष गेलं ते धाकटीच्या खोकण्याने. धाकटीची मान मागे होती. खुर्ची तिनेच मागे कलती ठेवली होती, कारण तशी ठेवली की स्वतःला कमी वाकावं लागतं. आणि हातात होता तो मोठा चमचा. तो कधी उचलला, हे तिला आठवेना. आज पहिल्यांदा असं झालं, की याआधीही होत होतं आणि बघायला मागच्या दाराने कुणी आलं नव्हतं?

तिने खुर्ची सरळ केली. मग दाराकडे बघून हाक मारली, "अगं ए, इकडे ये. जरा तू भरव हिला. मी बघते."

थोरलीने भरवलं. चेकरबाई बघत राहिली. हनुवटी खाली, लहान चमचा, घास उतरेपर्यंत थांबणं. एकही चूक नव्हती.

"कुठे शिकलीस?"

"तुझ्याकडेच बघून," थोरली म्हणाली. "आणखी कुठे?"

मंगळवारी चेकरबाई केंद्रात गेली. "त्या मावशींना बोलवा," म्हणाली. मावशी घाबरत आली. चेकरबाईने पर्समधून चार लहान चमचे काढले, मावशीला खुर्चीत बसवलं, तिची मान मागे केली आणि म्हणाली, "आता पाणी पिऊन बघा." मावशीला ठसका लागला. "कळलं? आता मान पुढे घ्या." मग ताईंकडे वळली. "आणि जेवणाला एका बाईमागे दोनच मुलं. माणसं कमी असतील त्या दिवशी दोन-तीन पंगती करा, वेळ लागू दे. हे कागदावर द्या. नुसतं तोंडी मला चालत नाही."

ताईंनी लिहून दिलं. चेकरबाईने ते दोनदा वाचलं आणि मग सही केली.

पहिल्या मुक्कामाचे दोन दिवस तिने काय केलं? पहिल्या दिवशी केंद्रासमोरच्या बाकावर बसून राहिली. नवऱ्याने तिच्यासाठी डबा आणला आणि तोही बाजूला बसला. दुसऱ्या दिवशी थोरलीने तिला ओढून पोहण्याच्या तलावावर नेलं. थोरलीला पोहता येतं, हे तिला तेव्हा कळलं. वर्षभरापासून येत होतं. तिने लेकीच्या चार फेऱ्या मोजल्या आणि पाचव्या फेरीला बसल्या जागी झोपली. जाग आली तेव्हा तलाव बंद व्हायला आला होता, अंगावर कोरडा टॉवेल होता आणि थोरली ओल्या केसांनी शेजारी बसून रखवालदाराला दबक्या आवाजात सांगत होती, "पाच मिनिटं फक्त, काका."

संध्याकाळी ती धाकटीला आणायला गेली. धाकटीने आईकडे पाहिलं, हसली, आणि मान वळवून पुन्हा मावशीकडे बघायला लागली. चेकरबाईने मावशीचा चेहरा नीट न्याहाळला. मग तिने धाकटीची पाठ तपासली, नखं बघितली, श्वास ऐकला, केंद्राच्या वहीतल्या नोंदी वाचल्या. सगळं ठीक होतं.

त्यानंतर धाकटी दर महिन्याला दोन दिवस राहायला जाऊ लागली, आणि चेकरबाई आठवड्यातून एकदा जेवणाच्या वेळी, न सांगता, कधी पुढच्या तर कधी मागच्या दाराने. हे ताईंनीच मागून घेतलं होतं. नवीन आईबाप यायचे, दारात घुटमळायचे, मूल कडेवरून उतरवायला तयार नसायचे. ताई त्यांना सरळ चेकरबाईकडे पाठवत. ती त्यांना धीरबीर काही देत नसे. "विश्वास ठेवू नका," ती सांगायची. "खाटेखाली वाका, पाण्यात हात घाला, काय हवं ते विचारा. आणि बघून झालं, की जा आणि झोपा."