आमच्या छापखान्यातला कीबोर्ड

छापखान्यात दोन गोष्टी न मागता साठतात. एक रद्दी, दुसरे किस्से. रद्दी भंगारवाला उचलून न्यायचा. किस्से न्यायला कोण येणार? ते माझ्याकडंच राहिले. आता वय झालं, हाताला काम नाही, म्हणून सावकाश एकेक सांगतो. घाई करू नका.

मी शाळेची पायरी चढलो नाही. अक्षरं शिकलो ती छापखान्यातच, शिशाच्या खिळ्यांवरून. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, कागदावर उमटलं की सुलटं होतं. तीस वर्षं मी आपला उलटंच वाचत आलो. नव्वदीच्या मध्यावर मालकांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, खिळे मोडीत काढले आणि कॉम्प्युटर आणला. पडद्यावर पहिली मराठी ओळ उमटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जवळ जाऊन नीट बघितलं आणि हळूच म्हणालो, "अण्णा, मशीन परत करा. अक्षरं उलटी पडल्यात!"

*

कॉम्प्युटरवर बसायची विमल. गडमुडशिंगीहून बसनं यायची. नवरा आजारी, घर तिच्या एकटीच्या पगारावर. टायपिंग शिकली होती जुन्या टायपरायटरवर. नजर कागदावर, बोटं कळांवर. खाली म्हणून बघायची नाही. टायपरायटरवर अक्षरं जिथं असतात तिथंच ठेवायची सोय कॉम्प्युटरात होती. तीच मांडणी ती लावून घ्यायची.

एकदा सकाळी आकडेच पडेनात. पार्टी समोर बसलेली, पत्रिकेत लग्नाची तारीख टाकायची, आणि उजवीकडचा सात दाबला की पडद्यावरची लुकलुकती रेघ पळून ओळीच्या सुरुवातीला! विमल रडकुंडीला आली. इंजिनियर आला. त्यानं डबा उघडला, स्क्रू पसरले, दोन तास घाम गाळला.

मी फडकं मारता मारता म्हणालो, "सायेब, हितं कोपऱ्यात रोज एक हिरवा दिवा असतोय. आज न्हाय."

त्यानं नम लॉकची कळ दाबली. दिवा लागला, आकडे पडले!

"नाना, इंग्लिश येतंय व्हय तुमाला?"

"न्हाय ओ. फडकं मारतोय रोज."

*

बिद्रीकडचे एक पावणे पत्रिका न्यायला आले ते गुळाची ढेप घेऊन. टेबलावर जागा नव्हती. त्यांनी ढेप ठेवली ती थेट कीबोर्डवर! पडद्यावर 'र'ची रांग लागली. पानामागं पान, नुसता र!

विमल ओरडली, "पावणं, ढेप उचला की!"

"असू दे की बाई. पोरास्नी खायाला हुईल."

ढेप उचलली, पण दुपारपर्यंत कीबोर्डात मुंग्यांची जत्रा भरली. मग मी कीबोर्ड पुढ्यात घेऊन बसलो. एकेक कळ उपटली, साबणाच्या पाण्यात धुतली, उन्हात वाळवली आणि जिथली तिथं बसवली. छापून झालं की शेकडो खिळे पुसून पेटीतल्या आपापल्या घरात टाकायची सवय होती हाताला. एक कळ चुकली नाही.

अण्णा म्हणाले, "नाना, तुजा हात म्हंजे हात हाय!"

*

मग कुरुंदवाडहून अण्णांचा मेव्हणा आला, दीपक. माणूस गोड, पण टायपिंग एका बोटाचं. के दाबला की क, एम दाबला की म, अशी त्याची मांडणी. तो उठला आणि विमल बसली की तिची पहिली ओळ म्हणजे नुसता काला! रोज भांडण.

शेवटी विमलनंच तोडगा काढला. तिची मांडणी चालू असली की पडद्याच्या कडेला लाल टिकली. दीपकनं मांडणी बदलली की त्यानं टिकली काढायची. दीपक शिस्तीचा. काढलेली टिकली हरवायला नको म्हणून शर्टाच्या खिशावर चिकटवून ठेवायचा. एका संध्याकाळी तशीच घरी घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी उपाशी आला. "नाना, घरी चला आन् हिला सांगा, ही कीबोर्डची भानगड हाय!"

*

पुढं अण्णा म्हणाले, कॉम्प्युटर एक, माणसं दोन, हे परवडत नाही. दसरा झाला की दोघांनी एकेक पान टाईप करायचं. ज्याचं आधी होईल तो राहील. दीपकचा हात तोवर विमलच्या तोडीला आला होता, पण नजर कळांवरच. त्या दिवशी विमलनं जेवणाचा डबा उघडला नाही, एवढं मी बघितलं.

खंडेनवमीला अण्णांनी कॉम्प्युटरची पूजा केली. कळाकळांवर हळदीकुंकू, आणि नारळ फोडला तोही तिथंच! पाणी सगळं कीबोर्डात.

"नाना, धुवून ठेव रं. तुजाच हात पायजे."

दसरा झाला. दीपक आधी बसला. के बघून दाबला, उमटलं भलतंच. एम दाबला, तिसरंच! त्यानं मांडणी तीनदा बदलली, मशीन बंद करून चालू केली. "अण्णा, व्हायरस हाय!"

अण्णांनी विमलला बसवलं. तिनं आपली मांडणी लावली, टिकली लावली, कागदाकडं बघितलं आणि बोटं सोडली. खाली एकदाही न बघता पान पुरं! अण्णा बघतच राहिले.

इंजिनियरला बोलावलं. त्यानं कीबोर्ड उचलून बघितला. "ह्या कळा कुणी बसवल्या?"

"मी," म्हणालो. "खिळ्यांच्या पेटीत असत्यात तशा लावल्या. लई लागणाऱ्या मधी, कमी लागणाऱ्या कडंला."

छापखाना हसून हसून लोळला. अण्णा तर डोळे पुसत होते. विमल राहिली. दीपकला अण्णांनी गिऱ्हाइकांसमोर बसवलं, आणि तिथं त्याच्यासारखा माणूस पुन्हा झाला नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर विमल चहा घेऊन माझ्यापाशी आली.

"नाना, गुळाच्या येळंला तर समद्या कळा बरूबर लावल्या हुत्यासा की."

मी म्हणालो, "बस पोरी. चा निवतोय."