गियोमारने लिहवून घेतलेलं पत्र

व्हिला दो कोंदेच्या नदीकाठी शिडाचं कापड विणणाऱ्या पुष्कळ बायका होत्या, पण गियोमारसारखी घट्ट वीण कुणाची नव्हती. गोदीवरचे मुकादम तिचे ताके उलगडून न बघताच उचलून नेत. तिचा नवरा आल्व्हारु जहाजांचा वाटाड्या होता. दोनदा मलबारला आणि एकदा मलाक्काच्याही पलीकडे त्याने जहाजं नेली होती, आणि तिन्ही वेळा परत आणली होती. ज्या गल्लीत दर दुसऱ्या घरात काळं नेसलेली विधवा, तिथे ही गोष्ट लहान नव्हती. बायका गियोमारचा हेवा करत, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

तिसऱ्या खेपेहून आल्यावर आल्व्हारु लिस्बनला गेला. पुढच्या आरमाराचा मुख्य वाटाड्या तोच होणार, असं सगळे म्हणत होते. तीन महिने तो दरबारी लोकांच्या दारांबाहेर ताटकळला. जागा गेली कुणा बड्या माणसाच्या भाच्याला.

"त्याला उत्तर दिशा कुठे हे माहीत नाही," घरी आल्यावर आल्व्हारु म्हणाला. "विचारलं, तर आढ्याकडे बोट करून म्हणतो, वर."

गियोमार हसली. तो हसला नाही. सगळा हिवाळा चुलीशी बसून काढला आणि वसंतात म्हणाला, "सांतियागोच्या यात्रेला जाऊन येतो. डोकं ठिकाणावर येईल." तिने पाव आणि खारवलेली तारली मासळी बांधून दिली. मुलगी मेसिया तेव्हा तेरा वर्षांची होती. नदीच्या वळणापर्यंत ती त्याच्याबरोबर चालत गेली.

सहा महिन्यांनी एका मासळीवाल्याने बातमी आणली. आल्व्हारु सांतियागोला गेलाच नव्हता. तो सेव्हिलला होता, शेजारच्या कास्तीलच्या राजाचा पगारी वाटाड्या.

दोन राजांनी दर्यावर एक रेघ ओढून जग वाटून घेतलं होतं. मावळतीचं कास्तीलचं, उगवतीचं आमचं, पोर्तुगालचं. पण पृथ्वीला वळसा घालून ती रेघ पाठीमागच्या बाजूला नेमकी कुठून जाते, हे कुणालाच सांगता येईना, आणि लवंगांची बेटं तिथेच कुठेतरी पडलेली. दोघेही म्हणत, आमची. अशा वेळी त्या बेटांची वाट पाठ असलेला माणूस पलीकडे गेला, म्हणजे त्याने घराची किल्ली शेजाऱ्याच्या हातात दिल्यासारखं झालं.

गावाने मग काही हातचं राखलं नाही. मुकादम गियोमारचे ताके उचलेनात. विहिरीवर बायका तिला "कास्तीलीणबाई" म्हणू लागल्या.

"अगं, तिला आधी भरू द्या," सुताराची बायको म्हणे. "राजाची माणसं आहेत ती. आपल्या नव्हे, त्यांच्या!"

जहाजं बांधणाऱ्या मिस्त्रीच्या मुलाशी मेसियाचं लग्न ठरलं होतं. मिस्त्री स्वतः आला, टोपी हातात धरून दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "पोरगी सोन्यासारखी आहे. पण मला राजाची कामं करायची आहेत, बाई." तो वाईट माणूस नव्हता. जाताना त्याने दार हळूच लोटलं.

घरात आल्व्हारुची आंधळी आई, सेन्योरिन्या. ती रोज एकच विचारी, "माझ्या मरणाआधी येईल का गं तो?" गियोमार म्हणे, "येईल, आई." आणि विणायला बसे. आता शिडं नाहीत, तर धान्याच्या गोण्या.

दोन वर्षं अशी गेली. मग एके दुपारी बाल्तासार नावाचा एक गृहस्थ लिस्बनहून घोड्यावर आला. कपडे साधे, बोलणं मऊ. त्याने सेन्योरिन्याच्या हाताचं चुंबन घेतलं, चुलीवरची भाजलेली तारली मागून खाल्ली, आणि मग झोळीतून एक कागद काढला. त्याला लाल लाखेचा शिक्का होता.

"माफी आहे," तो म्हणाला. "आल्व्हारुच्या नावाची. तो परत आला तर त्याच्या जिवाला धक्का लागणार नाही. पण मी पाठवलेल्या पत्रावर तो विश्वास ठेवायचा नाही. तुमच्यावर ठेवील."

"मला लिहिता येत नाही."

"पाद्रीबाबा लिहितील. तुम्ही फक्त बोला. आणि त्यात असं काहीतरी घाला, बाई, जे तुम्हा दोघांनाच ठाऊक आहे."

गियोमार कागद घेऊन देवळात गेली. पाद्री बेंतु म्हातारे, गुडघेदुखीने वैतागलेले. त्यांनी कागद उजेडात धरून तीनदा वाचला.

"शिक्का खरा आहे," ते म्हणाले. "मजकूरही बरोबर दिसतो."

"मग?"

"मग काय? मला अक्षरं वाचता येतात, गियोमार. माणसाच्या मनातलं नाही. तू ठरव."

ती देवळाच्या पायरीवर कितीतरी वेळ बसली. मेसियाचा विचार केला. पोरीचं वय चाललं होतं, आणि गल्लीत कुणी तिच्याकडे मान वर करून बघत नव्हतं. म्हातारीचा केला. आणि स्वतःचाही केला, हे तिने पुढे कधी नाकारलं नाही. एकट्या अंथरुणाचा तिला कंटाळा आला होता.

आत जाऊन ती म्हणाली, "लिहा, बाबा. मेसियाचं लग्न मोडलं आहे, ते तू आल्याशिवाय जुळायचं नाही. आई दिवस मोजते. माफी खरी आहे, पाद्रीबाबांनी वाचली." मग ती अडखळली. "आणि लिहा, पहिल्या सफरीच्या सकाळी तू मिठाच्या कोठाराआड भीतीने ओकलास, आणि मी पदराने तुझं तोंड पुसलं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही."

पाद्रीबाबांची लेखणी थांबली. "हेही लिहू?"

"हेच लिहा," ती म्हणाली.

उपासाच्या दिवसांत, भर दुपारी, आल्व्हारु सरहद्दीवरची मिन्यो नदी ओलांडून चालत घरी आला. दाढी पांढरी झाली होती. मेसिया त्याच्या गळ्यात पडली ती सोडेचना. म्हातारीने त्याचा चेहरा बोटांनी चाचपला, नाक, कान, कपाळावरचा व्रण, आणि म्हणाली, "वाळलास रे."

"तिथलं तेल मानवत नाही, आई."

तीन दिवस तो घरात होता. त्या तीन दिवसांत त्याने मेसियाला काजळीने जमिनीवर आकाशातले तारे काढून दाखवले, गळकं छप्पर दुरुस्त केलं, आणि गियोमारला एकदाच सेव्हिलबद्दल सांगितलं.

"तिथे मला पोर्तुगीज कुत्रा म्हणायचे. नकाशा माझ्याकडून काढून घ्यायचे आणि मग आपसांत कुजबुजायचे, याने मुद्दाम चुकवला तर नसेल?"

"चुकवलास?"

"थोडा," तो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी तिने त्याला हसताना पाहिलं. "कोठाराची गोष्ट वाचली तेव्हाच ठरवलं, निघायचं. म्हटलं, ही बाई खोटं बोलत नाही."

चौथ्या दिवशी बाल्तासार आला. बरोबर सहा शिपाई. आवाज तसाच मऊ. "लिस्बनला थोडी विचारपूस आहे. चार-आठ दिवसांचं काम."

आल्व्हारुने शिपाई मोजले. मग गियोमारकडे पाहिलं. फार वेळ नाही, जेमतेम एक श्वास घेण्याइतकं. ती ओरडून सांगणार होती की मला ठाऊक नव्हतं, पण तिच्या तोंडातून निघालं ते, "अंगरखा घेऊन जा, थंडी आहे." त्याने अंगरखा घेतला नाही.

चार-आठ दिवसांचे दोन महिने झाले. गियोमार मीठ वाहणाऱ्या गलबतात बसून लिस्बनला गेली. बाल्तासारला शोधायला तिला अकरा दिवस लागले.

"तुम्ही माफी म्हणालात!"

"दिलीच की. त्याला फाशी झाली नाही, पुढेही होणार नाही." तो खरोखर गोंधळल्यासारखा दिसला. "पण बाई, एवढी वाट डोक्यात घेऊन फिरणारा माणूस मोकळा कसा सोडायचा? सुटकेचा शब्द त्या कागदात कुठेच नव्हता. पुन्हा वाचून घ्या."

आल्व्हारु किल्ल्याखालच्या तुरुंगात होता. कागद-शाई द्यायची किंवा त्याला भेटायची परवानगी नाही. दारावर कोज्मे नावाचा जाडजूड तुरुंगरक्षक असे. गियोमारने पावाची चळत आणि दोन सदरे त्याच्या हातात दिले.

"देतो की," कोज्मे म्हणाला. "निरोप?"

"सांग, मला ठाऊक नव्हतं. एवढंच सांग."

दुसऱ्या दिवशी तो परत बाहेर आला. "सांगितलं. पाव खाल्ला. बोलला काही नाही."

ती घरी परतली, तेव्हा मेसिया चुलीपाशी उभी होती. सगळं ऐकून घेतल्यावर पोरगी म्हणाली, "मला लग्न नको होतं, आई. मला बाबा हवा होता. तो जिवंत होता, तिथे सुखरूप होता. तू माझं नाव घालून त्याला बोलावलंस."

"मी तुझ्यासाठीच..."

"तेच म्हणते मी," मेसिया म्हणाली. आठवडाभरात ती टेकडीवरच्या मठात भांडी घासायला गेली. मठ घरातून दिसे. सणाला गियोमार दारापर्यंत जाई, आणि आतली बाई येऊन सांगे, मेसिया कामात आहे.

गियोमार दरवर्षी सप्टेंबरात लिस्बनला जाऊ लागली. पाव, सदरा, लोकरीचे मोजे. दुसऱ्या वर्षी कोज्मे म्हणाला, "म्हणतो, येऊ नकोस." तिसऱ्या वर्षी म्हणाला, "त्याचं अजून तेच. म्हणतो, व्हिला दो कोंदेत मला बायको नाही." मग त्याला जरा वाईट वाटलं असावं. "मनावर घेऊ नकोस, बाई. कोंडलेली माणसं बडबडतात. सदरा मात्र अगदी बेतशीर बसला हं."

घरी गेल्यावर म्हातारी विचारी, "काय म्हणाला?" गियोमार सांगे, "म्हणाला, आईला जप." तिसऱ्या हिवाळ्यात म्हातारी वारली, समाधानात.

पाचव्या वर्षी उन्हाळ्यात बातमी आली, की दोन्ही राजांचा समेट झाला. ते एकमेकांचे मेहुणे झाले होतेच. आता एकाने सोनं मोजलं, दुसऱ्याने लवंगांच्या बेटांवरचा हक्क सोडला. भांडण मिटलं. गियोमार मागावरचं काम टाकून देवळात धावली.

"बाबा, आता त्याच्या डोक्यातल्या वाटेचं कुणाला काय? आता सोडतील ना?"

"सोडायला हवं," पाद्री बेंतु म्हणाले, आणि त्यांनी तिला स्वतःच्या हाताने अर्ज लिहून दिला.

ती सप्टेंबरची वाट न बघता निघाली. तुरुंगाच्या दारावर कोज्मे नव्हता. तो वसंतातल्या आरमारावर पहारेकरी म्हणून गोव्याला गेला होता, जिवंत आहे की नाही तेही कुणाला ठाऊक नव्हतं. नव्या रक्षकाने अर्ज उलटासुलटा केला आणि तिला तुरुंगाच्या पाद्र्याकडे धाडलं. तो चाळिशीचा, सर्दीने बेजार झालेला माणूस होता.

"व्हिला दो कोंदेचा आल्व्हारु?" त्याने आठवून पाहिलं. "त्याला तर मीच पुरलं. तापाने गेला."

"कधी?"

"आणलं त्याच वर्षी. नाताळच्या आधी."

गियोमार म्हणाली, "पण मी दरवर्षी सदरा... त्याने निरोप दिले मला. येऊ नकोस म्हणाला."

पाद्र्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "कोज्मेला थंडी फार वाजायची."

"पहिल्या वर्षी? तेव्हा तर तो जिवंत होता. तेव्हा माझा निरोप पोचला का?"

"ते मी कसं सांगू?"

"मरताना काय बोलला?"

"वाऱ्यांची नावं घेत होता, खाड्यांची. आकडे. मी आधी प्रार्थनाच समजलो."

"माझं नाव?"

"आठवत नाही, बाई. खोटं कशाला सांगू?"

ती बाहेर आली. किल्ल्याच्या उतारावर बसून तिने बरोबर आणलेला पाव पुढ्यात ठेवला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे पाहत राहिली. मरण्याआधी त्याने खरंच तिला तोडलं होतं, का कोज्मेने मोज्यांसाठी ते सगळं रचलं होतं? निरोप पोचून तो गप्प राहिला, का पोचलाच नव्हता? उत्तर देऊ शकणारे दोघे होते. एक मातीखाली, दुसरा समुद्रापार.

गावी येऊन तिने मठाच्या दारावर बातमी सांगितली. आतली बाई आत गेली, परत आली. "मेसिया म्हणते, तिला पहिल्यापासून वाटतच होतं."

पाद्री बेंतुंनी विचारलं, श्राद्धाची मिसा-प्रार्थना कोणत्या तारखेला वाचू? तिला सांगता येईना. त्यांनीच डिसेंबरची चार तारीख धरली. पाऊस होता. देवळात गियोमार होती आणि भिजणं चुकवायला आलेल्या दोन भिकारणी. मेसिया आली नाही.

समेटानंतर गावाचा राग विरला. मुकादम पुन्हा येऊ लागला, आणि पहिल्यासारखेच तिचे ताके न बघता उचलू लागला. गियोमार आणखी एकोणीस वर्षं जगली आणि तितकी वर्षं तिने हिंदला जाणाऱ्या जहाजांची शिडं विणली. दुसरं काही काम तिला येत नव्हतं.