धनेशाची बायको आणि आईचा गुडघा

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन एकाच प्रश्नापाशी अडून बसलं होतं: बाबांच्या जेवणाचं काय? बोईसरचे डॉक्टर म्हणत, आणखी उशीर केलात तर चालणंच बंद होईल. आई म्हणे, आंब्याचे दिवस जाऊ देत. आंबे गेले की गणपती, गणपती गेले की दिवाळी. बाबा साताऱ्याकडचे. तारापूरला नोकरी करून निवृत्त झाले, पण घरातला गॅस कुठल्या बाजूला फिरवला की पेटतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी डबा पाठवते म्हटलं, तर दोघांनाही अपमान वाटला. मला दोघांचा राग यायचा, आईचा जरा जास्तच.

अशात बाबांनी दुर्बीण घेतली आणि वैतरणेपलीकडच्या डोंगरातल्या अभयारण्यात बिबट्या बघायला जायचं ठरवलं. आईला गाडी जाईल तिथवर नेऊ, पुढे हळूहळू चालेल, असा बेत होता. बाबांनी त्या दिवसासाठी सैनिकासारखी हिरवी टोपीही आणली होती. बिबट्या कसा जराही आवाज न करता चालतो, हे ते इतक्या मोठ्यानं सांगत होते की रस्त्याकडेची वानरंसुद्धा उठून आत निघून गेली.

वाट दाखवायला तिथल्याच पाड्यावरची एक बाई सोबत होती. थोडं चालल्यावर तिनं आईला एका दगडावर बसवलं आणि समोरच्या झाडाकडे बोट केलं. उंच खोडात एक ढोली होती. तिचं तोंड लिंपून बंद केलेलं, मध्ये फक्त बारीक फट.

"धनेश पाखराचं घर हाय," ती म्हणाली. "मादी आत बसलीय. पिल्लं वाढीला लागल्याबिगर ती भायेर येत नाय."

"मग खाते काय?" आईनं विचारलं.

"नवरा आणतो ना."

तेवढ्यात नवरा आलाच. भली मोठी चोच, पंखांचा केवढा तरी आवाज. खोडाला धरून बसला आणि गळ्यातून एकेक उंबर वर काढून फटीतून आत देऊ लागला. आईनं बाबांची दुर्बीण ओढून डोळ्यांना लावली. पट्टा बाबांच्या गळ्यातच होता, त्यामुळे तेही वाकून तिच्या खांद्याशी अडकले.

"रोज आणतो?"

"रोज. दिवसभर येजा चालू."

"आणि ह्याच्या जेवणाचं कोण बघतं?"

"कोण बघणार? त्याचा तोच," ती बाई हसत म्हणाली.

"पक्ष्यांना नोकरी नसते," बाबा वाकल्या वाकल्या म्हणाले.

"तुम्हाला तरी आता कुठे आहे?" आई म्हणाली.

यावर बाबा जे गप्प झाले ते झालेच. बिबट्या दिसायची दिवसभरातली तेवढी एकच संधी होती, पण तो काही आला नाही.

परतताना मासवण गाव मागे पडलं. मग आई मला म्हणाली, "उद्या डॉक्टरांना फोन लाव. तारीख घे."

बाबांची शिकवणी मी घेतली. पहिल्या दिवशी कुकरमध्ये पाणी न घालता ते बाहेर पेपर वाचत शिट्टीची वाट बघत बसले. कुकर गेला. कांदा त्यांनी असा ओरडत चिरला की शेजारच्या काकूंनी येऊन कोणाला लागलं का विचारलं. पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नाही, आणि आईनंही आता घेतली नाही.

ऑपरेशन होऊन आई घरी आली त्या दुपारी बाबांनी खिचडी केली. तळाशी काळी, वर जरा कच्ची. लोणचं आणि पापड घालून ताट त्यांनी पलंगाशी नेलं आणि तिथेच उभे राहिले.

"असं काय बघताय? जा, तुम्हीही घ्या," आई म्हणाली. ते हलले नाहीत. तिनं ताट पुसून खाल्लं.

रिकामं ताट घेऊन बाबा ओट्याशी आले. ते धुवायचं सोडून हातात धरून उभे राहिले.

"पापड शेवटी खाते गं ती," ते म्हणाले. "बाजूला जपून ठेवते आणि सगळं झालं की खाते. इतकी वर्षं संसार केला, पण तिला जेवताना मी आज बघितलं."