पणराव

खुर्च्यांच्या कारखान्यात त्याचं काम म्हणजे तयार झालेल्या प्रत्येक खुर्चीवर बसून बघणं. बसायचा, मागेपुढे रेलायचा आणि हमखास म्हणायचा, "छान आहे, पण..." त्या 'पण'पायी सुतार कपाळाला हात लावायचे, हमरीतुमरीवर यायचे आणि शेवटी खुर्ची सुधारून आणायचे. सगळे लाडाने त्याला पणराव म्हणत. अहो, बायकोला बघायला गेला तेव्हाही म्हणाला होता, "मुलगी पसंत आहे, पण मी घोरतो!"

मग नवे साहेब आले. पहिल्याच बैठकीत पणराव म्हणाला, "साहेब, खुर्च्या जास्त काढू, पण पॉलिश वाळायला वेळ..."

साहेबांनी सगळ्यांदेखत त्याचं बोलणं तोडलं. "तुम्हाला बसायचा पगार मिळतो, बोलायचा नाही."

झालं! तेव्हापासून पणराव मुकाट बसायचा, उठायचा. खुर्ची डुगडुगली तरी "चालेल." सुतारांनीही वाद घालणं सोडलं. कशाला घालतील, ऐकतंय कोण? कारखानाभर नुसतं "हो साहेब, हो साहेब". साहेब खूश, म्हणे शिस्त आली. डोंबलाची शिस्त!

घरीही तो गप्पच. बायकोने मुद्दाम भाजीत मूठभर मीठ घातलं, तर पठ्ठ्या निमूट जेवून उठला.

त्यातच लेकीला परगावी नोकरी लागली. बाबा शंभर शंका काढणार, म्हणून तिने सगळी उत्तरं पाठ करून ठेवली होती. बाबा म्हणाले, "बरं. जा."

पोरगी आत जाऊन रडली. "आई, बाबांना मी नकोशी झालेय का गं?"

आई तरातरा बाहेर आली. "कारखान्यात तुमचं तोंड साहेबाने बंद केलं. घरात कुणी केलंय? इथे साहेब मी आहे!"

"बोलायची भीतीच बसलीय गं," तो म्हणाला. "तिथे आता माझ्याच्याने होणार नाही."

"तिथलं राहू द्या. पण पोरगी चाललीय हो!"

निघायच्या दिवशी गाडी दाराशी आली. लेक पाया पडली, बॅग उचलली, उंबरठ्यापर्यंत गेली. पणराव खाली बघत उभा होता.

"पण..."

ती गर्रकन वळली. "पण काय, बाबा?"

"पण तिथल्या भाड्याच्या खोलीला आतून कडी आहे का? घरमालकीण कशी आहे? आणि तुला बरं नसलं, तर आम्हाला कळवणार कोण?"

लेकीने बॅग खाली टाकली आणि बाबांच्या गळ्यात पडली. पाठ केलेल्यातलं एकही उत्तर तिला आठवेना.