आमच्या वर्गाची कलेक्टर

माझं तोंड फाटकं आहे हे मला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलंय. म्हणूनच पुनम अडकिणेची गोष्ट मी सांगितलेली बरी. बाकीचे सांगायला बसले तर तिला एक तर देव्हाऱ्यात बसवतील, नाहीतर 'बिचारी' म्हणून हळहळतील, आणि या दोन्हीचा मला सारखाच राग येतो.

मी मिना राठोड. डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरची, आणि आता एसटीत कंडक्टर. पाचवी ते दहावी पुनम आणि मी एका बाकावर बसलो. पहिल्या दिवशी, मी तांड्यावरची म्हणून बाकीच्या पोरी जरा सरकून बसल्या होत्या. पुनमनं मात्र माझा डबा ओढला, उघडला आणि अर्धी भाकरी लसणाच्या चटणीशी न विचारता खाऊन टाकली. मी तिला तिथल्या तिथं एक बुक्की घातली. तेव्हापासून आमची मैत्री आहे.

लोकांना वाटतं, पुनम जन्मापासून पुस्तकात डोकं घालून बसलेली. साफ खोटं. शाळेच्या मागची भिंत ओलांडून चिंचा पाडायला सगळ्यात आधी तीच जायची. गणिताच्या सरांची नक्कल अशी करायची, की एकदा सर दारात उभे राहून शेवटपर्यंत बघत राहिले आणि न बोलता निघून गेले. पोरांच्या क्रिकेटमध्ये ती अंपायर असायची, कारण तिच्याशी हुज्जत घालायची कोणाची टाप नव्हती. आणि एवढं सगळं करून पहिला नंबर. आम्ही घोकून घोकून मरायचो आणि हिला एकदा वाचलं की यायचं. याबद्दल मी तिला अजून माफ केलेलं नाही.

दहावीच्या निरोप समारंभात आमच्या वर्गानं पिंगळा आणायचं ठरवलं. आमच्याकडे पहाटेच्या अंधारात पिंगळा येतो, कुडमुडं वाजवत दारोदार भविष्य सांगत जातो. म्हातारी माणसं त्याचा शब्द खोटा होत नाही असं मानतात. आमचा पिंगळा होता संतराम. आजोबांचं धोतर, आईच्या लुगड्याचं पागोटं, काजळाच्या मिशा, आणि कुडमुड्याच्या जागी खडे भरलेला पत्र्याचा डबा. वेळ भर दुपारची. एकेकाला पुढं बोलवायचा, डबा वाजवायचा आणि पुढचं आयुष्य सांगून टाकायचा.

वैजनाथनं शाळेतला एकही बाक स्वतःचं नाव कोरल्याशिवाय सोडला नव्हता. त्याला संतराम म्हणाला, "तुझं नाव गावोगाव खांबावर झळकंल रे बाबा!" मी प्रार्थनेच्या रांगेत पोरींना ढकलायची, म्हणून मला म्हणाला, "ही बाई जल्मभर 'पुढं सरका, पुढं सरका' म्हणून वरडंल." सगळे पोट धरून हसले. मी डबा हिसकावून घेऊन त्याच्या पाठीत घातला. आता दिवसातून कितीदा तेच वाक्य माझ्या तोंडून जातं, आणि दर वेळी संतरामची आठवण येऊन डोकं फिरतं. स्वतःबद्दल तो म्हणाला होता, "पिंगळ्याचं लगीन सगळ्यात आधी होईल." त्याचं अजून जमलेलं नाही.

मग पुनम पुढं आली. संतरामनं डबा जोरात वाजवला. "ही पोरगी लाल दिव्याच्या गाडीतून येईल! आन् आमी समदे फाट्यावर हार घेऊन हुबं राहू!"

इथंही हसायला पाहिजे होतं. पण कोणी हसलं नाही. मुख्याध्यापक टाळ्या वाजवायला लागले, मग सगळे सर, मग आम्ही. मागं दाराशी पुनमचे वडील तातेराव काका उभे होते. त्यांचा हळद शिजवायचा कुकर आहे. हंगामात तो शेतोशेत फिरतो. तसेच कामावरून आलेले, पिवळ्या हातांचे. त्यांनी त्याच हातांनी डोळे पुसले आणि गाल पिवळे करून घेतले. पिंगळा खोटा, मिशा काजळाच्या, पण काकांनी शब्द खरा धरला. आणि एकट्या काकांनी का, आम्हीही धरलाच की.

त्या दिवसापासून पुनमची आमच्यातून उचलबांगडी झाली. बारावीला नांदेड, मग पदवी, मग संभाजीनगरला खोली घेऊन राज्यसेवेचा अभ्यास. कधी पूर्व परीक्षेत अडकायची, कधी मुख्य परीक्षेत. सुरुवातीला लग्नाकार्याला यायची, हळूहळू तेही बंद झालं. आली की बायका विचारायच्या, "कवा होणार गं साहेब?" वर्गाच्या ग्रुपवर तिला सगळे 'कलेक्टर मॅडम' म्हणायचे. ती फक्त अंगठा पाठवायची. गाड्यांवरचे लाल दिवे सरकारनं कधीच काढून टाकले, आमच्या डोक्यातला तेवढा राहिला. नक्कल करणारी पुनम कुठं गेली, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही.

यंदा ती मुलाखतीपर्यंत पोचली. आता राहिलंच काय, असं सगळे धरून चालले. त्यातून आमचा वैजनाथ आता आखाडा बाळापूरला फ्लेक्सचं दुकान चालवतो. आमच्या भागात बातमी आधी की फ्लेक्स आधी, हे सांगणं कठीण. ज्याचा पहिला लागेल त्याला फाट्यावरचा समोरचा खांब मिळतो, आणि पुढारी मंडळी टपूनच असतात. वैजनाथनं ठरवलं, पुनमचा पहिला फ्लेक्स दहावीच्या मित्रमंडळाचाच. निकालाच्या आदल्या संध्याकाळी त्यानं तो टांगूनही टाकला. मधे पुनमचा हसरा फोटो, भोवती आम्हा सगळ्यांची तोंडं चिकटवलेली, आणि वर ठळक अक्षरांत: 'उपजिल्हाधिकारीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' निदान 'भावी' तरी लिहायचं. 'भावी आमदार' लिहून लिहून ज्याचा हात झिजलाय, त्याला नेमकं इथं ते सुचलं नाही.

निकाल लागला आणि तातेराव काकांच्या गळ्यात हार पडले. वेगवेगळ्या ठिकाणी सत्कार झाले, शाली मिळाल्या. फोटो ग्रुपवर आले. बापानं हार घालून घेतला म्हटल्यावर शंका कोण घेणार? मीही घेतली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, मी नांदेडच्या गाडीवर होते. हिंगोलीला एक बाई चढली, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, मोठी बॅग. "एक डोंगरकडा," म्हणाली आणि मी आवाज ओळखला.

"पुने!" मी अशी ओरडले की ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. "अरे बघा, आमची कलेक्टर! माझ्या गाडीत!" गाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या बाकावरच्या आजींनी तिच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

पुनमनं माझं मनगट धरलं. "मिने, गप बस. पाया पडते, गप बस."

गर्दी कळमनुरीला कमी झाली, तेव्हा मी तिच्याशेजारी टेकले. ती खिडकीकडं तोंड करून बोलली. "माझी निवड झाली न्हाई. तू लोकांना टाळ्या कशाला वाजवायला लावल्या?"

मी मोबाइल काढून तिला फ्लेक्सचा फोटो दाखवला. तिनं ग्रुप कधीच बंद करून ठेवला होता, आणि निकालापासून घरचा सोडून कोणाचाही फोन उचलला नव्हता. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बराच वेळ ती स्वतःच्या हसऱ्या तोंडाकडं बघत राहिली.

"पण अप्पाला मी निकालाच्या दिवशीच फोन करून सांगितलं व्हतं," ती म्हणाली. वडलांना ती अप्पा म्हणते. "ते नुसतं 'बरं' म्हणाले आन् फोन ठेवला. तवापासून त्यांचा फोन न्हाई. कधी असं झालं न्हाई, मिने. त्यांना इतका राग आला, की माझ्याशी बोलावं वाटंना. आज घरी जाऊन पाय धरणार हाये. घरात घेतलं तर बराबर, न्हाई तर..."

मला काकांचा असा संताप आला, की ते समोर असते तर मी वयाचा मान ठेवला नसता. पोरगी तिकडं रडून राहिली आणि हे इकडं शाली पांघरून फोटो काढतात! बाळापूरला गाडी थांबली, तशी मी उतरले आणि स्टँडसमोरच्या दुकानातून वैजनाथला दंडाला धरून बाहेर काढला.

"पक्कड घे आन् गाडीत बस."

"अगं गिऱ्हाईक हाये..."

"बस म्हणते ना!"

गाडीत पुनमला बघून त्याचा चेहरा आधी फुलला आणि मी दोन वाक्यांत सांगितल्यावर पडला. "पुनम, आईची आन," तो म्हणाला, "यादीत नाव दिसंना तवा मी काढणारच व्हतो, पण तात्यानं हार घालून घेतला. मला वाटलं, झालंच असंल." मग तो पक्कड मांडीवर घेऊन खाली मान घालून बसला.

डोंगरकड्याच्या फाट्यावर गाडी थांबली. मी दार उघडलं आणि बघते तर खांबाला शिडी लावलेली, आणि शिडीवर तातेराव काका. हातात विळा, समोर फ्लेक्स. वैजनाथ तारेनं असा आवळतो, की विळ्यानं तो सुटणं शक्यच नव्हतं. खाली जमलेली माणसं विचारत होती.

"तात्या, काहून काढून राहिले? राहू द्या की!"

"वाऱ्यानं फाटंल म्हणून काढून राहिलो," काका वरून म्हणाले. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

पुनम उतरली. तिनं तोंडावरचा स्कार्फ सोडला. "आली! मॅडम आली!" कोणीतरी ओरडलं आणि टाळ्या सुरू झाल्या. काकांनी खाली बघितलं. विळा त्यांच्या हातातून निसटून धुळीत पडला. बापलेक एकमेकांकडं बघत होते, आणि दोघांचे चेहरे सारखेच भेदरलेले. तेव्हा कुठं मला कळलं, की हा माणूस रागावलेला नाही. याला पळून जायला जागा नाही म्हणून हा शिडीवर चढलाय.

पुनमनं आवाज चढवला. शाळेत अंपायर असताना काढायची तसला. "मंडळी, टाळ्या नका वाजवू. माझी निवड झाली न्हाई. फ्लेक्स चुकून लागलाय."

टाळ्या विझल्या. वैजनाथ पुढं झाला. "चूक माझी हाये. तिला कोणी बोलायचं न्हाई." आणि दुसऱ्या बाजूनं खांबावर चढून तो पकडीनं तारा तोडायला लागला. फ्लेक्स खाली आला, आम्ही सगळे चिकटवलेल्या तोंडांसकट धुळीत पालथे.

काका उतरले, पण शेवटच्या पायरीवरच बसून राहिले. "पुने, माझा लई राग आला असंल तुला."

"मला? अप्पा, तुमीच रागावले म्हणून फोन केला न्हाई ना?"

"राग कशाचा बाई? तुझा फोन आला तवा मी इथंच व्हतो. फोन ठेवला, आन् 'न्हाई, न्हाई' म्हणोस्तवर लोकांनी गळ्यात हार घातला. शब्दच फुटला न्हाई. मंग रोजच कोणी ना कोणी येऊन राहिलं. तुला कोणत्या तोंडानं फोन करावा? घास उतरत न्हाई तवापासून."

पुनम त्यांच्यासमोर उकिडवी बसली. गाडीतल्या लोकांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या होत्या, पण ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला नाही.

"अप्पा, आणिक एक हाये." हे तिनं मलाही सांगितलेलं नव्हतं. "मी आता ही परीक्षा देणार न्हाई. मला होत न्हाई आता. पुढं काय करीन ते बी अजून ठरलं न्हाई."

काकांनी मान वर केली. "परत कवाच न्हाई?"

"कवाच न्हाई."

"म्हंजी पहाटं फोन करून तुला उठवायचं बी न्हाई?"

ती संभाजीनगरला गेल्यापासून हा माणूस रोज पहाटे तिच्या आधी उठून तिला उठवत होता. कुकरवर रात्रभर हळद शिजवून आला तरी, ताप असला तरी. तिला उठवायचं, ती तोंड धुऊन पुस्तक उघडेपर्यंत फोनवर थांबायचं, आणि मग आपण कामाला जायचं.

"न्हाई," पुनम म्हणाली. "नका उठवू आता."

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले आणि इतका मोठा श्वास सोडला, की मला वाटलं हे आता रडतात. पण ते हसले. "बरं झालं बाई. लई बरं झालं. मी बी किती वर्सं झाली झोपलो न्हाई."

पुनम आधी रडली, मग हसायला लागली, आणि तिला थांबताच येईना. मीही रडले. लाजायचं काय त्यात? मग घंटी मारून गाडी सोडली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. उन्हं चांगली चढल्यावर मी अडकिण्यांच्या घरी गेले. पुनमची आई, आशाबाई काकू, दारातच आडव्या बसल्या होत्या. पुढ्यात वाळलेल्या हळदीचा ढीग. त्या लांबट कांड्या आणि गोल गट्टू वेगळे करत होत्या. मी सवयीनं लांबूनच हाक मारली, तशी त्यांनी हात उगारला.

"हळू बोल. झोपलेत."

"कोण, पुनम?"

"दोघं बी," काकू म्हणाल्या. "काल जेवले आन् पडले ते अजून उठले न्हाईत. कोणी बी येऊ दे, मी उठवणार न्हाई."

मी चप्पल काढून त्यांच्याजवळ बसले आणि हळद निवडायला लागले. दुपारपर्यंत आम्ही दोघी जे बोललो, ते कुजबुजतच बोललो.