बिनफोडणीची आमटी

महायुद्ध सुरू होण्याआधी आम्ही मुरबाडला राहायचो. आळीत ख्रिस्ती घर एकटं आमचंच. वडील उपदेशक. आठवडाभर खेडी पायी पालथी घालायचे आणि रविवारी शेजाऱ्यावर प्रीती करण्याविषयी तासभर बोलायचे. फारच लांबलं की आई घसा खाकरायची.

अंगणाच्या कुडापलीकडे भातशेती करणारं एक कुटुंब होतं. त्यांची मुलगी माझी जिवाची मैत्रीण. खेळायला आमच्या अंगणात, पण तहान लागली की घरी पळायची, कारण आमच्याकडचं पाणी त्यांना चालत नसे.

एका चैत्रात तिला देवी आल्या. दाराला निंबाचा पाला लागला, घरात फोडणी बंद झाली. फोडणीच्या वासानं देवी कोपते आणि पोराचे डोळे घेते, अशी त्यांची समजूत. तिच्या पापण्या तर चिकटूनच बसल्या होत्या. भीतीनं कुणी शेजारीण फिरकेना, आणि तिच्या आईच्या अंगावर तान्हं मूल. माझ्या आईला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या, चेहऱ्यावर व्रण होते. ती सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"पाणी तुमचं, भांडं तुमचं," ती म्हणाली. "उकळून तुम्हीच द्या. हात तेवढे माझे."

मुलीच्या आईला रडू फुटलं. "या बाय, आत या. आमाला आता कोन हाय?"

तेव्हापासून आई सकाळ-संध्याकाळ जाऊन कोमट पाण्यातल्या कापसानं तिचे डोळे पुसायची. आणि आमच्याही घरात फोडणी बंद झाली.

पहिल्याच जेवणाला वडील भडकले. "आपण ख्रिस्ती ना? मग ही देवी आपल्या चुलीपर्यंत कशी आली?"

"मी देवीला मानत नाही," आई म्हणाली. "पण वास कुडापलीकडे जातो आणि त्या माउलीच्या पोटात गोळा येतो. तो गोळा मी मानते."

प्रवचनकारानं ताट पुढे ओढलं. ते रोज ती पांचट आमटी गिळायचे, तोंड मात्र एरंडेल घेतल्यासारखं.

मला आमटीशी काही देणंघेणं नव्हतं. आई परत आली की मी एकच विचारायची, "दिसतं का तिला?" ती म्हणायची, "अजून पापण्या उघडत नाहीत." मग मी पांघरुणात देवाशी भांडायची. अगदी खरंखुरं भांडायची.

एका दुपारी कुडावरून डोकावले तर ती उंबऱ्यावर बसलेली. तोंडभर खपल्या, डोळे किलकिले. मी दिसतेय की नाही, कळेना. हाक मारायचा धीर होईना. शेवटी मी जीभ काढून दाखवली.

ती तशीच बसून राहिली. मग तिनं माझ्याहून लांब जीभ बाहेर काढली.

मी किंचाळतच घरात धावले. ऐकून आई पिठाच्या हातांनी मटकन खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली. इतकं हलकं मला पुन्हा क्वचितच वाटलं असेल.

खपल्या पडल्यावर एक दिवस तिची आई आमच्या मागच्या दारी आली. आम्ही जेवायला बसलो होतो, वडिलांची प्रार्थना चालली होती.

"बाय, आता फोडणी द्या वो. आमीबी दिली."

आई हसून म्हणाली, "आजच दिली. लसणीची."

फोडणीचं नुसतं निमित्त होतं; ती जाईना. मग पदराखालून तिनं वाटी काढली. "वास आला तवाच पोरगी हटून बसलीय. तुमचीच आमटी पायजे म्हनते."

वडिलांनी प्रार्थना अर्ध्यावरच आटोपली, उठले आणि स्वतः पळीनं वाटी काठोकाठ भरली. मग काय वाटलं कोण जाणे, पातेलंच तिच्या हातात दिलं. त्या दिवशी आम्ही भाकरी मिरची-मिठाशी खाल्ली, आणि वडिलांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही.